पन्नाशी गाठेपर्यंत गाडीनं जगायचं कुठं?

आज बोलायचंय जुन्या गाड्यांबद्दल. पण राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसबद्दल नाही. त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत, पैसा आहे. आपला प्रश्न साध्या गाड्यांचा आहे. कोणत्या जुन्या गाडीला मानाची नंबरप्लेट आणि स्वस्त विमा मिळावा, आणि हे ठरवायचं कशावरून?

सुरुवात दिल्लीतल्या आर. के. पुरमपासून करू. रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारच्या नोकरदारांची जुनी वसाहत. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की बातम्यांत हे नाव हमखास येतं, कारण हवा मोजणारं एक केंद्र इथं आहे. इथून जवळच ग्रीन पार्क. तिथल्या एका गृहस्थांना १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ली मिळाली, देशातल्या पहिल्या मारुती ८०० ची. किंमत ४७,५०० रुपये. त्यांनी ती गाडी अखेरपर्यंत विकली नाही. त्यांच्या पश्चात ती घराबाहेर गंजत होती. पुढे मारुती कंपनीनं ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली.

आता कायदा पाहू. केंद्र सरकारनं १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ‘व्हिंटेज’ या शब्दाला पहिल्यांदा देशभर लागू होणारी व्याख्या दिली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी. मूळ रूपात राखलेली. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली. गाडीचा जुना नंबर असेल तर तो कायम राहतो. नव्यानं नोंदणी होत असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षं. अट अशी, की गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

विम्याची गोष्ट याहून जुनी आहे. २००२ च्या मोटार विमा टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेल्या गाडीला सवलत होती. म्हणजे तिथं वय नव्हतं, एक ठरावीक तारीख होती. कितीही वर्षं गेली तरी १९४१ ची गाडी त्या रेषेच्या बाहेरच! २०२२ च्या थर्ड पार्टी नियमांनी ही रेषा ओलांडली. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मिळाली. यामागचा हिशेब सरळ आहे. जी गाडी वर्षातून मोजक्या वेळा आणि जपून चालते, तिच्या अपघाताचा धोका कमी.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण पुढं आहे. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्ये १५ वर्षांवरच्या गाड्यांना आणि २०१५ मध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं नुसत्या वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, पण डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे खऱ्या अर्थानं जुनी असलेली गाडी पुन्हा उघड्यावर.

आता बोटांवर मोजा. देशातली पहिली मारुती ८०० या नियमानं व्हिंटेज होणार डिसेंबर २०३३ मध्ये. दिल्लीच्या आजच्या मापानं तिची १५ वर्षं भरली १९९८ मध्ये! मधल्या ३५ वर्षांत तिनं राहायचं कुठं? ती वाचली, कारण ती ‘पहिली’ होती. दहा हजारावी वाचली नसती.

आपल्या मुंबईतही हेच झालं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात बनवलेली फियाट पुढं पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शहराची ओळख बनली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

बाहेर काय करतात? जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. कर ठोक, आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांतही तिला प्रवेश असतो. ब्रिटनमध्ये ४० वर्षांनंतर वाहनकर माफ होतो. दोन्हीकडे पन्नाशीची वाट पाहायला लावत नाहीत.

आर. के. पुरमच्या रहिवाशाला चांगली हवा हवी आहे, आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या इंजिनाचा धूर घाणच असतो. सरसकट सवलत दिली, तर रोज ऑफिसला जाणारी प्रत्येक खटारा गाडी ‘वारसा’ म्हणून पुढं येईल. पण धूर वयावर ठरतो तितकाच गाडी किती चालते त्यावरही ठरतो. वर्षाला पाच-सातशे किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज पन्नास किलोमीटर चालणारी गाडी यांना एकाच मापानं मोजणं हा न्याय नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: पन्नाशीचा मान राहू द्या, पण त्याआधी तिसाव्या वर्षी एक पायरी ठेवा. गाडी मूळ रूपात हवी, वर्षाच्या किलोमीटरला मर्यादा हवी, हवा बिघडलेल्या दिवसांत ती बाहेर काढायला बंदी हवी. विम्याची सूटही त्या किलोमीटरलाच बांधा. नियम मोडला तर सूट गेली आणि प्लेटही गेली.

नाहीतर उद्या संग्रहालयात महाराजांच्या गाड्या दिसतील, पण साहेबांना कचेरीत नेणारी अँबॅसिडर आणि चौघांच्या कुटुंबाला गावी नेणारी मारुती फोटोतच पाहावी लागेल. तुमच्या घरी तीस वर्षांवरची गाडी जपून ठेवलेली असेल, तर तिची कागदपत्रं आणि सर्व्हिसची बिलं फेकू नका. मूळ रूपाचा पुरावा तोच असतो.