विद्यापीठ, वसतिगृह आणि पंगत

मागच्या वेळी आपण विद्यापीठ या कल्पनेविषयी बोललो. आज जरा साध्या वाटणाऱ्या विषयाकडे वळू. विद्यार्थी वर्गाबाहेर काय करतात? कोणाबरोबर राहतात, फिरतात, वाद घालतात, कोणाच्या शेजारी बसून जेवतात? विद्यापीठांचे इतिहास लिहिले जातात ते कुलगुरूंचे, इमारतींचे, अभ्यासक्रमांचे. विद्यार्थ्यांचा सहवास त्यात एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. आमचे म्हणणे असे की, निदान आपल्या मुंबई इलाख्यात तरी, या सहवासाचा इतिहास बाजूला ठेवला तर विद्यापीठाचा इतिहास कळतच नाही.

का, ते पाहू. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे काय? तर परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. पहिली काही दशके विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नव्हते. मग विद्यार्थी म्हणून जगणे कुठे घडत होते? ते एल्फिन्स्टनमध्ये, डेक्कनमध्ये, आणि त्याहून जास्त म्हणजे खोल्यांत, सभांत, खाणावळींत.

गंमत अशी की हे जगणे विद्यापीठाच्याही आधी सुरू झाले होते. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. प्राध्यापक पॅटन यांचे प्रोत्साहन होते, दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची, एवढाच कार्यक्रम. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा या नावाने शाखा निघाल्या. आता कोणी म्हणेल, तरुण पोरांचे वादविवाद मंडळ, त्यात काय विशेष? पण बघा, एका बैठकीत स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला. चर्चा झाली. आणि मग सभासदांनाच प्रश्न पडला की नुसते बोलून उठायचे का? १८४९ च्या ऑक्टोबरात या मंडळींनी मुलींसाठी शाळा उघडल्या. सुरुवातीला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. सभासद सकाळी स्वतः जाऊन विनावेतन शिकवत. जगन्नाथ शंकरशेठ यांनी आपली जागा दिली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात शाळा काढली त्याला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. विद्यापीठ स्थापन व्हायला अजून आठ वर्षे होती, परंतु विद्यापीठाने करायचे एक काम विद्यार्थ्यांच्या सभेने करून टाकले होते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात बळवंतराव टिळक राहत होते. पहिले वर्ष त्यांनी तालीम आणि पोहणे यांत घालवले, पुस्तके बाजूला ठेवून प्रकृती कमावली. पुढे १८७९ च्या सुमारास, ते कायद्याचा अभ्यास करत असताना, गोपाळ गणेश आगरकरांशी त्यांची गाठ पडली. आगरकर एम.ए. करत होते. गरिबी इतकी की एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, अशी आठवण सांगितली जाते. या दोघांनी रात्री जागून काय वाद घातले असतील ते असोत. पण त्या बोलण्यातून ठरले की सरकारी नोकरी धरायची नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचे. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. पुढे दोघांचे तीव्र मतभेद झाले, ते आपल्याला ठाऊकच आहे. तरीही सुरुवात कुठे झाली? वसतिगृहात. कोणत्याही अभ्यासक्रमात ती नव्हती.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. अशी व्याख्याने बहुतेक इथेच थांबतात आणि आपण समाधानाने घरी जातो. पण आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. या रात्रीच्या गप्पांत कोण नव्हते?

बायका नव्हत्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी याच डेक्कन कॉलेजातल्या. त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या, पण विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. वर्गात जागा मिळाली, पुढच्या दारावर अडवले.

आणि जातीचे काय? डॉ. आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक होऊन एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथल्या उपाहारगृहवाल्याने त्यांना चहा आणि पाणी द्यायला नकार दिला, असे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. म्हणजे वर्गात बसता येत होते, ग्रंथालयात वाचता येत होते, पण मधल्या सुट्टीत चहा नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे सगळ्यांबरोबर एका टेबलाशी बसून जेवता आले. नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी तिथे मैत्री जमली. पुढे १९२० मध्ये अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला जायचे होते, तेव्हा याच भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. मैत्री ही शिक्षणातली शोभेची वस्तू नाही, ती अशी वेळेला उपयोगी पडते. ज्याला पंगतीतून उठवले जाते, त्याचे एवढे सगळे जाते.

कोल्हापूरचा अनुभव इथे जोडून पाहू. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढली, तीही वेगवेगळ्या समाजांसाठी वेगवेगळी. आज आपण नाक मुरडू, पण तेव्हा दुसरा मार्ग दिसत नव्हता. स्वतंत्र छप्पर नसते तर खेड्यातला मुलगा शहरात राहिलाच नसता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनाला जैन वसतिगृहातला एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले. तो म्हणाला, करणार नाही. त्याला वसतिगृह सोडावे लागले. हे भाऊराव पाटील. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत आणि एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. विद्यार्थीदशेत पंगतीबाहेर जावे लागलेल्या माणसाने मोठेपणी पंगतच बदलली.

बाबासाहेबांनीही तेच केले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरे. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले, ते विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले. संसद आणि नाटक कशाला, हा प्रश्न ज्यांना आयुष्यभर सभेत जागा मिळाली त्यांना पडतो.

आता एक गोष्ट आमची. सांगायला फार बरे वाटत नाही. साठच्या दशकाची अखेर असेल. आम्ही शिकायला शहरात आलो होतो, एका खाणावळीत महिना लावला होता. वर्गातला एक मित्र जेवणाची सोय शोधत होता. आम्हीच त्याला घेऊन गेलो. मालकांनी आडनाव विचारले, त्याने सांगितले. मालक म्हणाले, "या महिन्यात जागा नाही." समोर दोन पाट रिकामे होते. मित्र "बरंय" म्हणाला आणि निघून गेला.

आम्ही काय केले? आम्ही जेवलो. पैसे भरलेले होते, भूकही लागली होती. त्याच सत्रात आम्हाला कांट होता. माणसाला केवळ साधन मानू नये यावर आम्ही लांबलचक उत्तर लिहिले आणि चांगले गुण मिळवले. खाणावळ बदलायला मात्र चार महिने लागले. मित्राने तो विषय पुन्हा काढला नाही, आम्हीही काढला नाही. आता तो हयात नाही.

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरच्या दहा प्रकरणांपैकी दोन मैत्रीवर आहेत. विद्यार्थी असताना आम्हाला हे प्रमाण जास्त वाटायचे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की माणसांचा सहवास म्हणजे गुरांसारखे एका कुरणात चरणे नव्हे, बोलणे आणि विचार वाटून घेणे. आम्ही दोघे एकाच वर्गात बसून कांट शिकलो, पण त्या दुपारी कुरणापलीकडे काही वाटून घेतले नाही.

म्हणून महाविद्यालयाची स्नेहसंमेलने, वादविवाद, नाटके, मेस, सहली यांना अभ्यासाबाहेरच्या गोष्टी म्हणायला आम्ही तयार नाही. तिथेच कळते की वर्गात शिकवलेली समता कोणाला लागू आहे. ऐकणाऱ्यांत जे आज शिकत आहेत, त्यांनी एक करावे. आज रात्री जेवताना टेबलाभोवती पाहावे, कोण आहे आणि कोण नाही. जो नाही, त्याला उद्या बोलवावे. चार महिने थांबू नये.

प्रश्न असतील तर विचारा.