वृत्तिवाचक साहाय्यक क्रियापदे, इंग्रजीतील

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड व मस्ट ही नऊ क्रियापदे. मुख्य क्रियापदाच्या अर्थाला सामर्थ्य, अनुज्ञा, कर्तव्य, संकल्प वा तर्क यांची छटा देणारी. नीड, डेअर व ऑट यांची गणना या वर्गात करावी की नाही, याविषयी वैयाकरणांत एकवाक्यता नाही.

संयोग : यांच्यामागून येणारे क्रियापद सदैव मूळ रूपात राहते, ऑटपुढे तेवढा 'टू' लागतो. तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय यांना लागत नाही, नकारार्थी 'नॉट' लगेच पाठीमागे येतो आणि प्रश्न करताना हीच कर्त्याच्या आधी जातात. 'मस्ट हॅव बीन रिटन' यातील पदांचा क्रम अढळ आहे.

मराठीशी तुलना : इंग्रजी जेथे सर्व साहाय्यकांपुढे एकच रूप ठेवते, तेथे मराठीतील प्रत्येक साहाय्यक आपापला वेगळा हक्क बजावतो. शकणे 'करू' मागते, लागणे 'करावे', येणे 'करता', तर पाहिजे कधी 'केले' आणि कधी 'करायला' यावर राजी होते. शिवाय कर्त्याची विभक्तीही त्याबरोबर पालटते, म्हणून 'मी करू शकतो' परंतु 'मला करावे लागते'. उलटपक्षी 'करता येऊ शकेल', 'जावे लागू शकते' अशी एकावर एक साहाय्यके रचण्याची जी मुभा मराठीत आहे, ती प्रमाण इंग्रजीत मुळीच नाही. तेथे 'विल'पुढे 'कॅन' न येता 'बी एबल टू' या पर्यायाचा आश्रय करावा लागतो. विद्यार्थी 'आय विल कॅन कम' असे लिहितो, तेव्हा त्याच्या गाफिलीपेक्षा मातृभाषेची ही रचना अधिक जबाबदार असते, असे प्रस्तुत संपादकास वाटते.

प्रतिषेधात घोटाळा याहून सूक्ष्म आहे. 'उद्या यायला नको' या वाक्याने येण्याची जरुरी नाही असेही सुचते आणि येणे इष्ट नाही असेही. इंग्रजीत मात्र पहिल्यास 'नीड नॉट' व दुसऱ्यास 'शुड नॉट' अशी निवड आधीच करावी लागते. 'मस्ट नॉट' हा तर स्पष्ट मनाईहुकूम, आपल्या 'येऊ नये' याहून कडक.

करवीर प्रांत : कोल्हापूरच्या बोलीत ग्रांथिक 'पोहता येते' याऐवजी 'पवायला येतंय' असा प्रयोग ऐकू येतो. इकडच्या स्त्रिया स्वतःविषयी 'मी करतो', 'मी जातो' असे पुल्लिंगी बोलतात, हे सर्वश्रुतच आहे. साहाय्यकाला लिंगवचनाचा स्पर्श नसलेली इंग्रजी रचना त्यांना या एका बाबतीत तरी परकी वाटू नये. राजाराम महाविद्यालय 1880 पासून, पुढे 1962 मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ, हे येथील इंग्रजी अध्ययनाचे मुख्य आधार होत. संस्थानी कारभारात विध्यर्थाला मोठा मान होता. शाहू छत्रपतींच्या 26 जुलै 1902 च्या, निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्याविषयीच्या हुकमासारख्या दस्तऐवजांचे सारे बळ अशाच क्रियारूपात एकवटते, आणि 'जागा भराव्यात' यातील 'व्यात' व इंग्रजी कायद्यातील 'शॅल' यांचे काम या ठिकाणी एकच आहे.

मराठी व्याकरणग्रंथ : दादोबा पांडुरंग तर्खडकर (1836) व मोरो केशव दामले (1911) यांचे ग्रंथ प्रमुख. कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा हे अर्थ मराठी व्याकरणात बव्हंशी विध्यर्थाखाली येतात. 'करू शकतो' यास संयुक्त क्रियापद म्हणावे किंवा कसे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

इतिहास : कॅन, मे, शॅल ही मूळची भूतकाळी घडणीची रूपे वर्तमानार्थी रूढ झाली; त्यांना तृतीयपुरुषी प्रत्यय नसण्याचे कारण हेच.

बोलीभेद : स्कॉटलंडच्या व अमेरिकेच्या दक्षिण भागातील बोलींत 'माइट कुड' अशी जोडसाहाय्यके आढळतात.