दूध न सोसणें

चाळिशीनंतर पेलाभर दुधानें पोट फुगूं लागलें कीं आपण जठराग्नीला दोष देतों. आम्हींही दिला आहे. वास्तविक दुधांतील साखर फोडणारें लॅक्टेज हें पाचक द्रव्य बाल्यानंतर ओसरणें, हाच मनुष्यजातीचा मूळ धर्म होय. न फुटलेली साखर मोठ्या आंतड्यांत आंबते, इतकेंच. गोपालक समाजांपैकीं कांहींत गेल्या दहा हजार वर्षांत आनुवंशिक फरक पडून तें द्रव्य टिकलें. पाश्चात्य वैद्यकानें मात्र स्वजनांचें पचन हेंच प्रमाण मानलें! १९६५ साली बाल्टिमोर येथें कृष्णवर्णीय व गौरवर्णीय प्रौढांची तुलना झाली, तेव्हां हा भ्रम डळमळला. युरोपीयांतील तो फरक फिनलंडच्या संशोधकांनीं २००२ मध्यें दाखविला. जगांतील सुमारें दोन तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज कमीच असतें. मग रोगी कोणास म्हणावें? दह्याचे जंतु ती साखर कांहीं अंशीं आधींच फस्त करतात, म्हणून दूध टाळणारे गृहस्थ ताक मात्र सुखानें पितात.