केडेनलाइव्ह

मुक्तस्रोत व्हिडिओ संपादन प्रणाली. जेसन वुड यांनी २००२ मध्ये लिनक्ससाठी तिची सुरुवात केली. पुढे ती केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पात सामील झाली. चित्र आणि ध्वनी जुळवण्याचे मूळ काम एमएलटी हा सॉफ्टवेअर-संच करतो. शॉटकट ही प्रणालीही त्याच पायावर उभी आहे. केडेनलाइव्हच्या विंडोज आणि मॅक आवृत्त्या नंतर आल्या. २०१९ मध्ये टाइमलाइनचा बराचसा भाग नव्याने लिहिला गेला.

साध्या संगणकावर तिची खरी उपयुक्तता प्रॉक्सीमुळे आहे. मूळ चित्रफितींच्या हलक्या प्रती करून त्यांवर काटछाट करायची. अंतिम फाइल मात्र मूळ फितींपासूनच तयार होते. प्रकल्पाची नोंद एक्सएमएल स्वरूपात असल्याने लिनक्सवरचे काम विंडोजवर उघडता येते, पण फितींचे फोल्डर सोबत न्यावे लागते. मराठी शीर्षकांचा फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर अक्षरांचे रूप बदलते. हे बहुधा ऐन वेळी लक्षात येते.

डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या संपादन प्रणालीची विनामूल्य आवृत्ती रंगसंस्कारात निःसंशय सरस आहे. मात्र तिला सक्षम ग्राफिक्स कार्ड लागते, आणि तिची लिनक्स आवृत्ती मोबाइल-कॅमेऱ्यांच्या नेहमीच्या एच.२६४ फिती थेट उघडत नाही. त्या आधी रूपांतरित कराव्या लागतात. आयमूव्ही ही संपादन प्रणाली सोपी, पण फक्त ॲपलच्या उपकरणांपुरती. लिनक्स वापरणाऱ्याने केडेनलाइव्हपासून सुरुवात करणे सोयीचे.