फाइफची नौका कशी ओळखावी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, क्लाइडच्या खाडीकाठी फेअरली हे लहानसे गाव आहे. इथे फाइफ घराण्याच्या तीन पिढ्यांनी शिडाच्या लाकडी नौका बांधल्या. त्यांतला धाकटा विल्यम फाइफ (1857–1944) सर्वांत नावाजला. सर थॉमस लिप्टन यांच्यासाठी त्याने आखलेल्या दोन ‘शॅमरॉक’ 1899 आणि 1903 साली अमेरिका चषकासाठी झुंजल्या. चषक मिळाला नाही, पण त्यांच्या देखणेपणाबद्दल दुमत नव्हते.

त्याची नौका आधी आकारावरून ओळखू येते. अंग सखल आणि लांबट असते. पुढचे आणि मागचे टोक पाण्याबाहेर दूरवर झेपावलेले असते. हा निव्वळ डौल नव्हे. नौका वाऱ्याने कलली की ही टोके पाण्याला टेकतात, पाण्यातली लांबी वाढते आणि वेगही वाढतो.

दुसरी खूण कोरीव आहे. कडेच्या फळीवर नौकेच्या लांबीभर एक सोनेरी खाच जाते आणि तिच्या पुढच्या टोकाशी ड्रॅगन असतो. 1888 साली बांधलेल्या ‘ड्रॅगन’ नावाच्या नौकेपासून ही प्रथा रुळली.

मात्र फळ्या बदलल्या की ड्रॅगन जातो, आणि तो नव्याने कोरताही येतो. मालक बदलला की नाव बदलते. कमी खलाशांत भागावे म्हणून डोलकाठ्या आणि शिडेही बदलली जातात. अशा वेळी ब्रिटिश नोंदणीच्या नौकेत मुख्य तुळईवर कोरलेला अधिकृत क्रमांक कामी येतो. 1878 ते 1980 या काळात निघालेल्या लॉइड्सच्या नौका-नोंदवहीत आरेखक, बांधणीचे वर्ष आणि जुनी नावेही सापडतात.

कधी लाकूडच उरत नाही. 1898 साली आयर्लंडमध्ये फाइफच्या आराखड्यावरून बांधलेली ‘यम’ पुढे ‘पेन ड्युइक’ झाली. फ्रेंच नाविक एरिक ताबार्ली यांनी 1958 साली तिचे कुजलेले अंग साचा म्हणून वापरले आणि त्यावर काचतंतू व पॉलिएस्टरचे नवे अंग चढवले. तरीही ती फाइफचीच मानावी लागते, कारण रेषा त्याच्या आहेत. जून 1998 मध्ये तिच्यावरून फाइफच्या नौकांच्या मेळाव्याला निघालेले ताबार्ली आयरिश समुद्रात पडले आणि त्यांचा मृत्यू झाला.

1911 ची ‘मारिकिता’ अनेक वर्षे इंग्लंडमधील सफोकच्या चिखलात, लोकांचे राहते घर बनून पडून होती. डोलकाठी नसली तरी आकार शाबूत होता. पूर्ण दुरुस्तीनंतर 2004 साली ती पुन्हा पाण्यात उतरली. तिच्या वर्गात फाइफने आणखी एक नौका बांधली होती, पण ती आज उरलेली नाही.