मसाई पठारावरचा डबा

मागे पावसाचा आवाज येईल, सांभाळून घ्या. कोल्हापुरात जुलै चालू आहे आणि माझ्या खोलीवर पत्रा आहे.

आजचा भाग आहे १६६० सालच्या एका रात्रीबद्दल. पण सुरुवात माझ्या एका स्टीलच्या डब्यापासून.

जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. कुणीतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे, बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवायचा. हा खेळ जन्मला मे २००० मध्ये. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक बंद झाली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक बादली लपवून तिचा पत्ता जाहीर केला. आत गुलेलसुद्धा होती म्हणे.

मला वाटलं, आपल्या पन्हाळा-पावनखिंड वाटेवर हे का नाही? पन्हाळा संरक्षित स्मारक, तिथे असले उद्योग नकोत, एवढी अक्कल होती. म्हणून मे महिन्यात मसाई पठारावर एका कपारीत डबा ठेवला. वर काळी टेप गुंडाळली, पाणी जाऊ नये म्हणून. ही टेप लक्षात ठेवा.

आता ती रात्र. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडलेला. राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला तोफांची मदत केली होती. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज निवडक माणसांसह गडाखाली उतरले आणि विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद, घोडखिंड, बाजीप्रभू, बांदलांचे मावळे... हे तुम्हाला शाळेपासून पाठ आहे, मी परत सांगत नाही. मला कायम एकच प्रश्न पडायचा. भर पावसात, रात्री, पालखी घेऊन यांना वाट दिसली कशी?

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. आपण १२ जुलै म्हणतो, पण ती तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. तेव्हा दोन कॅलेंडरांत १० दिवसांचा फरक होता. म्हणजे आजच्या हिशोबाने ती रात्र २२ जुलैची. मी पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला आणि चंद्राच्या कला ३६० वर्षं मागे मोजत नेल्या. २२ जुलै १६६० ला चक्क पौर्णिमा! आषाढी पौर्णिमा म्हणतात ती तंतोतंत जुळली. १२ जुलै आजच्या कॅलेंडरची धरली असती तर चंद्र जेमतेम चार-पाच दिवसांचा निघाला असता. रात्री दीड वाजता एकटाच ओरडलो, आई उठून आली.

म्हणजे ढगाआड का होईना, पूर्ण चंद्र होता. पण तो शत्रूच्या पहाऱ्यावरच्या माणसालाही होता. आणि आपण ट्रेकला जातो त्यापेक्षा १० दिवसांचा जास्तीचा पाऊस जमिनीत मुरलेला.

आणि जमीन तरी कसली! जिओकॅशिंगच्या परदेशी व्हिडिओंत हिमनदीने कोरलेल्या रुंद दऱ्या असतात, तळाला वाट, दोन्हीकडे उतार, चुकणार कुठे? (हिमनदीच्या खुणा महाराष्ट्रातच बघायच्या असतील तर चंद्रपूरजवळ इरईला जा. तिथल्या खडकावरचे ओरखडे सुमारे ३० कोटी वर्षांचे आहेत.) आपल्याकडे सगळं उलटं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, मग पावसाने ते चिरत नेले. मसाई पठार म्हणजे वर जांभ्याचा सपाट सडा आणि कडेला एकदम खोल. धुक्यात खूण म्हणावी असं काही नाही. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी करत जाताना ओढ्यामागून ओढे. आज आपण हे अंतर दोन दिवसांत चालतो, मुक्काम करून, गरम पिठलं-भात खाऊन. ते लोक थांबलेच नाहीत.

तर जुलैत मी आणि माझा आतेभाऊ डबा बघायला गेलो. मोबाईलवर निळा ठिपका अगदी बरोबर जागेवर. डबा गायब. शोधता शोधता धुकं इतकं दाटलं की भाऊ चार पावलांवर दिसेना. जीपीएस सांगत होतं मी कुठे आहे. कडा कुठे आहे ते सांगत नव्हतं. खरं सांगतो, पाय कापायला लागले. तेवढ्यात शिट्टी आली.

घोंगडं पांघरलेले एक आबा म्हशी घेऊन चालले होते. म्हणाले, "तिकडं कुठं निघालास पोरा? म्होरं काय न्हाई."

त्यांच्यामागून चालत वाडीवर गेलो. चहा झाला. भीतभीत डब्याचं विचारलं तर आबा हसायला लागले. "त्यो काळा डबा तुझा व्हय रं? बाँब हाय म्हणून दोन दिस कुणी गुरं सोडली न्हाईत तिकडं!" शेवटी त्यांनीच लांब काठीने तो बाहेर ओढला होता. मला चहा गिळवेना. दोन दिवस म्हशींना चारा कुठून आणला असेल?

मी विचारलं, "आबा, धुक्यात तुम्हाला वाट कशी कळते?" ते म्हणाले, "पायाला कळतंय. पानी कुठनं वाहतंय त्ये बघायचं."

महाराजांच्या पुढे त्या रात्री असाच कुणीतरी चालत असणार. कुठला ओढा कुठे ओलांडता येतो हे पायाने ओळखणारा. लढणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत. या वाटाड्याचं किंवा पालखीच्या भोयांचं नाव सांगा बघू. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात पन्हाळा आहे, लई आनंद झाला. पण विशाळगड नाही आणि ही वाटही नाही. ती अजून वाड्यांवरच्या लोकांच्याच भरवशावर आहे, आणि आपण तिथे दर जुलैत बिस्किटांची पाकिटं टाकून येतो. वर मी बाँब.

जिओकॅशिंगमध्ये अर्थकॅश नावाचा प्रकार आहे, २००४ पासून. त्यात डबाच नसतो. जागेवर जायचं, जमीन बघायची, प्रश्नांची उत्तरं द्यायची. मसाईसाठी मी आता तसाच एक तयार करतोय. पहिला प्रश्न ठरलाय: उभे आहात तिथून पाणी कुठे वाहतंय?

डबा आबांकडेच आहे. मी मागितला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, झाकण झ्याक बसतंय." आजीने त्यात मीठ भरलंय.