जकात नाक्यापासून फास्टॅगपर्यंत

फुलसावंगीहून नागपूरला माल न्यायचा, तर गाडी महागावला राष्ट्रीय महामार्ग ३६१ ला लागते. या वाटेवर आता चालकाची भिस्त काचेवरच्या एका चिकटपट्टीवर असते.

वाटेत गाडी अडवून वसुली करणं महाराष्ट्राला नवं नाही. शहरांच्या वेशीवर जकात नाके होते. मुंबईतली जकात २०१७ साली जीएसटी आल्यावर संपली. टोलविरोधाचा इतिहासही मोठा. कोल्हापुरात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर उतरलं आणि अखेर सरकारला टोल रद्द करावा लागला. तिथे निदान भांडायला समोर माणूस होता.

फास्टॅग, म्हणजे टोल आपोआप कापून घेणारी काचेवरची ती चिकटपट्टी, २०१४ साली आला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सक्तीचा झाला. पट्टीच्या आत बारीक चिप आणि अँटेना. नाक्यावरचं यंत्र रेडिओलहरींनी ती वाचतं. पण पट्टीवर ना शिल्लक दिसते, ना ती बंद पडल्याची खूण. चालकाला कळतं ते दांडा वर न उठल्यावर. मागे हॉर्न वाजू लागतात, आणि टॅग चालू नसेल तर जादा टोल! चूक यंत्राची असली तरी सिद्ध करायची चालकाने, हे अन्यायाचंच आहे.

मे २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने नियम केला: रांग १०० मीटरच्या पिवळ्या रेषेपलीकडे गेली, तर पुढची वाहनं टोल न घेता सोडायची. २०२४ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. तोवर तो किती चालकांना कुणी सांगितला होता?